अडतीस नंबरच्या गाडीची खिडकी

शनिवार, ५ एप्रिल
सीझन सुरू. यंदा पाइन फोर्क ट्रॅकचा चॅम्पियन मी, वेंडेल हक्स. लिहून ठेवतो, नंतर कोणी म्हणायला नको.
एक क्षुल्लक अडचण. रेसच्या गाडीचे दरवाजे वेल्ड करून बंद, येण्या-जाण्याला खिडकी तेवढी एक. आत सहज गेलो. बाहेर येताना खिडकी लहान वाटली. हिवाळ्यात मेव्हण्याने तिच्याभोवतीच्या नळ्या पुन्हा जोडल्या, तेव्हा नक्की माती खाल्ली.
रेसमध्ये सतरावा. इंजिन तापत होतं.

मंगळवार, ८ एप्रिल
जेवताना बायकोने, लोरेटाने, विषय काढलाच. म्हणाली, चर्चच्या जेवणात पाद्रीसाहेबांसमोर काय कबूल केलंयस, आठवतंय ना? आठवतंय. ज्या दिवशी मला गाडीतून माझं मला उतरता येणार नाही, त्या दिवशी गाडी केंड्राची. भरल्या पोटी माणसाने शब्द देऊ नये.
केंड्रा आमची मुलगी. हात चांगला आहे, पण अजून पोरकट. तिने लोण्यातल्या मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि ग्रेव्ही माझ्याकडे सरकवली. गुणी पोर.
उद्यापासून बिस्किटं बंद.

बुधवार, ९ एप्रिल
सोमवारपासून. आठवड्याच्या मधेच काही सुरू करू नये.

शनिवार, १९ एप्रिल
ट्रॅकचा तपासनीस रॉइस आज प्रत्येकाला गाडीतून उतरून दाखवायला लावत होता. आग लागली तर ड्रायव्हर झटकन बाहेर पडतो का, म्हणून. चांगला नियम आहे, इतरांसाठी. मी लोरेटाचा डुकराच्या चरबीचा डबा आणला होता. कमरेला फासली आणि सुळकन बाहेर. रॉइस म्हणाला, वेंडेल, तुझ्या अंगाला नाश्त्याचा वास येतोय. मी म्हटलं, कँटीनचा असेल.
चौदावा. चरबी ओघळून बुटापर्यंत गेली, ब्रेकवरून पाय दोनदा सटकला. तरी प्रगती आहेच.

सोमवार, ५ मे
आज खरंच सुरुवात करणार होतो. केंड्रा पोर्क बार्बेक्यू घेऊन आली, म्हणाली, बाबा, तुमच्यासाठी मुद्दाम थांबून आणलं. आता पोरीचं मन कसं मोडणार? किती जीव आहे तिचा माझ्यावर.

शनिवार, १० मे
लोरेटाने चरबीचा डबा लपवला.
रेस अर्धी झाली आणि इंजिनातून धूर. गाडी थेट प्रेक्षकांसमोर थांबली. खिडकीची जाळी काढली, डोकं बाहेर, खांदे बाहेर, आणि पुढे काही नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर, समोर सगळं गाव. लाउडस्पीकरवर निवेदक म्हणाला, अभिनंदन, बाळ चांगलं गुटगुटीत दिसतंय.
खरं सांगतो, घाबरलो. नाकात धूर, पुढे जाता येईना, मागेही जाता येईना. केंड्रा भिंतीवरून उडी मारून धावत आली. म्हणाली, बाबा, श्वास सोडा, सगळा सोडा. सोडला. तिने आणि रॉइसने काखेत हात घालून मला ओढलं. एक बूट आतच राहिला.
लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझे चाहते आहेत.
उतरलो तर खरा. माझा मी उतरलो का, हा वादाचा मुद्दा आहे. लोरेटाच्या मते नाही.

रविवार, ११ मे
आज मदर्स डे. लोरेटाला भेट म्हणून गाडी केंड्राला दिली. कल्पना माझीच.

शनिवार, २४ मे
केंड्राची पहिली रेस. ट्रॅकच्या मधल्या मैदानात पिकअपमध्ये रेडिओ घेऊन बसलो. दहा फेऱ्यांत रडत परत येईल, मग मी मोठ्या मनाने समजूत घालणार होतो. आलीच नाही. ती सहावी, मग तिसरी. मला घरी जावंसं वाटायला लागलं, पण ट्रॅक ओलांडायचं फाटक रेस संपेपर्यंत उघडत नाहीत. बसलो अडकून. पुढे एक, मागे एक, बाजूला एक, अशी तिचीही कोंडी झाली. मी रेडिओवर ओरडलो, आतल्या बाजूने राहा. ती म्हणाली, बाबा, गप्प बसा. आणि बाहेरून, भिंतीला घासत, दोघांना मागे टाकून गेली. ही चाल माझीच. मी कधी केली नव्हती इतकंच.
जिंकली. खिडकीतून सुळकन बाहेर आली, चरबी-बिरबी काही नाही, आणि छतावर बसून गर्दीत मला शोधायला लागली. माझे डोळे भरून आले. चक्क रडलो.
जिंकलेल्या गाडीबरोबर घरच्यांचा फोटो काढतात. मी गाडीपुढे मधोमध उभा राहिलो. फोटोवाला म्हणाला, काका, जरा बाजूला, नंबर झाकला जातोय. मी पोट आत ओढलं. तो म्हणाला, अजून थोडं. अजून थोडं. अजून.

शनिवार, ३१ मे
फोटो आला. लोरेटाने फ्रिजवर लावलाय. केंड्रा आहे, लोरेटा आहे, अडतीस नंबर स्वच्छ दिसतो. कडेला माझं कोपर आहे.
कोपर बारीक आलंय.