टकलू बसल्याशिवाय गाडी निघत नाही

प्रिय आई,

पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नका. टकलू बरा आहे, गाडी बरी आहे, घर जागच्या जागी आहे. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्ही दोनदा हं हं करता आणि वन्संच्या हातात देता. ही गोष्ट तुमची आहे, वन्संची नाही. आता पत्रसुद्धा त्याच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तर वन्सं, तुमच्या पाया पडते, मधलं काही गाळू नका, आणि पदरचं काही घालू नका.

तुम्ही गेल्यापासून घरात मी, तुमचा नातू टकलू आणि दारातल्या पत्र्याखाली उभी असलेली तुमची ती मुकी. तुम्हीच नाव ठेवलंत तिला मुकी. बटण दाबलं तरी आवाज नाही, चालू आहे की बंद ते कळत नाही, आणि सिग्नलला उभी असताना मधेच स्वतःच्या मनानं इंजिन घुरघुरायला लागतं, झोपेत बडबडणाऱ्या माणसासारखं. अर्धी पेट्रोलवर, अर्धी करंटवर. आपल्याकडे जुनी म्हणून आली, पण तिचे नखरे नव्या नवरीचे. मला तर त्या करंटचीच भीती. टकलूच्या सीटखाली मी रबरी पायपुसणं अंथरलं होतं आणि मी स्वतः रबरी चपला घातल्याशिवाय बसत नव्हते. हसू नका. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे, तिच्यातून वारा येतो असं वाटून मी तिच्यावर दुपटं कोंबलं होतं, पोराला सर्दी नको म्हणून.

पण गाडीशिवाय गती नाही, हे तुम्हीही जाणता. टकलूला तापात झटका आला तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, ताप चढायला लागला की वाट बघायची नाही, उचलायचं आणि आणायचं. दवाखाना पुलापलीकडे, आणि बस येते ती आली तर. म्हणून तर तुमच्या चिरंजिवांनी बोटीवर जायच्या आधी मला घाईघाईनं गाडी शिकवली, निम्मी शिकवून आणि निम्मी ओरडून. आणि जाताना म्हणाले, गाडी आणि पोर दोन्ही तुझ्यानं झेपलं नाही तर घराला कुलूप लाव आणि दादाकडे जाऊन राहा. दादांकडे म्हणजे मोठ्या जाऊबाईंकडे. तिथे मी आणि टकलू कुठल्या कोपऱ्यात मावलो असतो, आणि किती दिवस, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून गाडीला रोज मनातल्या मनात हात जोडते.

तर झालं काय. एकदा शेजारच्या काकूंकडे टकलूला ठेवून मी सामान आणायला निघाले. बटण दाबलं, तर गाडी ढिम्म. समोर अक्षरं आली, चावी सापडत नाही. या गाडीला चावी भोकात घालायची नसते, जवळ असली की पुरे, आणि ती तर माझ्या हातात! मी चावी तिच्या तोंडासमोर नाचवली, ही काय, आंधळी आहेस का म्हटलं. नाही म्हणजे नाही. शेवटी टकलूला घेऊन पायी जाऊ म्हणून त्याला काकूंकडून आणलं, त्याची पिशवी काढायला गाडीत बसले, सहज बटण दाबलं, तर हिरवी रेडीची अक्षरं झळकली. मला वाटलं रुसवा गेला. पण पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मी एकटी बसले की चावी सापडत नाही, टकलू बसला की सापडते. काकू म्हणाल्या, अगं तिला बाळाचा लळा लागलाय. मी म्हटलं काकू, मला आधीच भीती वाटते, त्यात अजून भर घालू नका. पुढे तर असं व्हायला लागलं, की त्याला उचलून, पसारा आतच टाकून दार लावलं आणि कुलूप लावायला हात लावला, की गाडी पीं पीं करून बोंबलायची आणि कुलूप घ्यायचीच नाही. अगदी तुमच्यासारखी, पोराचं काही विसरलीस म्हणून.

मग मेकॅनिकला बोलावलं. कोपऱ्यावरचा तो जाड्या, ज्याला तुम्ही एकदा हात धुऊन ये म्हणून सांगितलं होतं. तो आला तेव्हा टकलू माझ्या कडेवर, आम्ही दोघं गाडीत बसलो, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जावं आणि खुर्चीत बसल्यावर दाढ गप्प व्हावी, तसं झालं. तो म्हणाला वहिनी, गाडी ठणठणीत आहे. मी म्हटलं घेऊन जा आणि बघा. चालू गाडीतून मी टकलूला घेऊन उतरले, तर गाडी केकाटायला लागली, पोराशिवाय जायला तयारच नव्हती. तो तशीच घेऊन गेला. गॅरेजमध्ये नेऊन बंद केली, आणि संपलं. दुपारी त्याचा फोन, आवाज एकदम पडलेला. म्हणाला, वहिनी, जरा बाळाला पाठवता का?

आई, मी पोराला घेऊन बसनं गॅरेजमध्ये गेले. त्या जाड्यानं स्टेअरिंगमागे बसून बटण दाबलं, नाही. टकलूला मांडीवर घेतलं, तुम्ही शिवलेला हत्ती त्याच्या बगलेत होताच, बटण दाबलं, हिरवी अक्षरं. मग त्याची सगळी माणसं आळीपाळीनं टकलूला मांडीवर घेऊन बसली. प्रत्येकाच्या वेळी चालू. टकलूनं एकाच्या शर्टावर दूध काढलं, तरी चालू. जाड्यानं डोकं खाजवून सांगितलं, सीटखाली कुठेतरी वायर सैल असणार, पोराचं वजन पडलं की टेकत असणार. मी म्हटलं, आणि तुमचं वजन पडलं की? त्यानं चावीतला सेल बघू का म्हणून विचारलं होतं. मीच म्हटलं, पोर असलं की हीच चावी चालते, मग चावी कशी बिघडेल? त्यालाही पटलं.

पण माणूस कष्टाळू. सगळी सीट खोलून वायरी तपासल्या. नारिंगी वायरींना मात्र हात लावला नाही, मलाही सांगितलं, नारिंगी दिसली की हात मागे, तो खरा करंट, तिथे मोठ्या कंपनीचा माणूसच पाहिजे. बाकी पोराला करंट लागत नाही, चपला कुठल्याही घाला. मागच्या बाजूला एक छोटी बॅटरी असते, तिच्या टोकांवर पांढरी बुरशी धरल्यासारखी धरली होती, ती साफ केली. आणि त्या जाळीतून माझं दुपटं ओढून काढलं तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. ती म्हणे मोठ्या बॅटरीची नाकपुडी आहे. तिथून ती हवा आत ओढते, गार राहायला. मी महिनाभर गाडीचं नाक दाबून धरलं होतं. एवढं सगळं करून गाडी परत आली, स्वच्छ, गार, आणि होती तशीच. टकलू बसल्याशिवाय हलेना. मी म्हटलं जाऊ दे. नाहीतरी त्याच्यासाठीच गाडी पाहिजे. तो असला की चालते ना, मग झालं.

आणि मग तो दिवस आला. सकाळीच टकलूनं हत्तीवर उलटी केली. मी हत्ती धुऊन मागच्या दोरीवर टांगला. दुपारी हात लावते तर पोराचं अंग तव्यासारखं. डोळे जड, मान टाकलेली. मी त्याला सीटमध्ये बांधलं, बटण दाबलं, आणि समोर तीच अक्षरं. चावी सापडत नाही. आई, पोर गाडीत होतं. मी पुन्हा दाबलं. त्याला काढून मांडीवर घेतलं आणि दाबलं. तुम्हाला आता खरं सांगते, त्या वेळी मला असंच वाटलं की गाडीला काहीतरी कळलंय, पोर आता तिच्या हिशेबात नाही. मी ओरडले असणार, कारण काकू मागच्या दारानं धावत आल्या. टकलू हत्तीसाठी हात करत होता, म्हणून त्यांनी येता येता दोरीवरून तो ओला हत्ती ओढला आणि खिडकीतून त्याच्या मांडीवर टाकला, घे रे बाबा, रडू नको म्हणून. माझं बोट बटणावरच होतं. दाबलं. हिरवं.

मी विचार करायला थांबले नाही. पुलावरून कशी गेले ते पुलालाच माहीत. डॉक्टरीणबाईंनी ताप उतरवला, झटका आला नाही, कान सुजला होता एवढंच निघालं. वेळेवर आणलंस म्हणाल्या. औषध घेऊन, पोर खांद्यावर झोपलेलं, मी गाडीशी आले आणि तेव्हा कुठे माझं डोकं चालू झालं. जाड्या म्हणाला होता, बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट काढून बघायची. मी हत्ती उचलून दवाखान्याबाहेरच्या बाकावर ठेवला आणि बटण दाबलं. बंद. हत्ती आत, चालू. हत्ती बाहेर, बंद. रखवालदार बघत राहिला होता, बाई हत्तीला गाडीतून उतरवतेय आणि चढवतेय. मग मी हत्तीचं पोट चाचपलं. ते टणक होतं हे मला पहिल्यापासून माहीत होतं, मला वाटायचं तुम्ही लाकडाचा तुकडा घातलाय, बसता यावा म्हणून.

घरी येऊन टाके उसवले. किती बारीक टाके, आई. कापसात प्लास्टिकची पिशवी, पिशवीला तीन गाठी, आणि आत दुसरी चावी. एवढी धुतली तरी कोरडी ठणठणीत. माझी चावी कधीच मेली होती. टकलू ती चोखत बसायचा, तिचा सेल गेला होता. मुकी इतके दिवस चालत होती ती तुमच्या चावीवर.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. हे निघायच्या दिवशी दुसरी चावी मागत होते, आणि तुम्ही पिठाच्या डब्यापासून गादीखालपर्यंत सगळं शोधून शेवटी पलंगावर बसलात आणि म्हणालात, मला आठवत नाही. मग आठवड्यात पिशवी भरलीत. आज चावी हरवली, उद्या पोराला कुठे ठेवलं ते विसरले तर काय करू, असं म्हणून वन्संकडे गेलात. पण त्याच्या आधी, हत्ती शिवताना, तुम्ही मला एक बोलला होतात, ही पोरगी चावी कुठेही टाकेल, पण पोराला नाही टाकणार. मला तेव्हा टोमणा वाटला होता. तुम्ही चावी हरवली नव्हती, आई. तुम्ही ती घरातल्या सगळ्यात पक्क्या जागी ठेवली होती. नंतर ते विसरलात, हेही खरं. कालवणात मीठ दोनदा पडतं, हेही खरं. आपण पाणी घालून खाऊ. मी घाबरट आहे आणि तुम्ही विसरता, दोघी मिळून एक धड बाई होते. जाड्या म्हणाला, चावीतला तो बटणासारखा सेल पोराच्या पोटात गेला तर जिवावर बेतेल, खेळण्यात नको. म्हणून चावी मी दोरीत ओवली आहे, ती तुमच्या गळ्यात घालायची आहे. माझ्या चावीत नवा सेल मी मुद्दाम घातलेला नाही. आता तुम्ही बसल्याशिवाय गाडी निघणार नाही. (मेलेली चावी बटणाला टेकवून धरली की गाडी चालू होते, ही युक्ती जाड्यानं मला शिकवली आहे. वन्सं, एवढं वाचून दाखवू नका.) हत्तीचं पोट रिकामं झालंय, मी मोजे कोंबले, पण टकलूला ते चालत नाही, फेकून देतो. त्यात काहीतरी टणक घालायचंय, आणि टाके तुमच्याच हातचे पाहिजेत. रविवारी सकाळी निघते, मी एकटी चालवत. पिशवी भरून ठेवा. गाडीचा आवाज येणार नाही, आणि टकलू झोपलेला असला तर मी हॉर्नही वाजवणार नाही, तेव्हा खिडकीत बसून राहा. पुढच्या काचेला हत्ती दिसला की खाली या.

तुमचीच,
चावी कुठेही टाकणारी