मिक्सरचं झाकण

आई, तुला हसू येईल, पण तुझ्या मुलाचं बोलणं ऐकायला माणसं थांबत नाहीत. सातपूरच्या कंपनीला सुट्टी असली की हल्ली मी मिक्सरचे व्हिडिओ करतो. कोणता घ्यावा, कोणता नको, हे कॅमेऱ्यापुढे सांगायचं आणि इंटरनेटवर टाकायचं. तू प्रदर्शनात करायचीस तेच, फक्त समोरची गर्दी दिसत नाही. खरं तर नसतेच. तुझी सूनसुद्धा दुसऱ्या मिनिटाला "कुकर बघून येते" म्हणून उठते, आणि कुकर लावलेलाच नसतो! मिक्सर देणारा दुकानदार परवा म्हणाला, "साहेब, एक शेवटचा करा. नाही चालला तर भाच्याला सांगतो." भाचा! त्याला चटणी आणि ठेचा यांतला फरक कळत नाही. फार झोंबलं मला ते.

मग तुझा दिवाळीचा स्टॉल आठवला. मला नुकतीच नोकरी लागलेली, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. तू पाणी प्यायला गेलीस तेवढ्यात मी माइक घेतला आणि वॅट, मोटर, पाती, वॉरंटी असा जो सुटलो! बायका एकेक करून शेजारच्या सोऱ्यांच्या स्टॉलकडे सरकतायत, मी आपला बोलतोच आहे. सटाण्याकडची एक मावशी सगळ्यांसमोर म्हणते, "नुसता आवाजच शे!" माझं डोकंच फिरलं. तू परत येऊन हसत म्हणतेस, "खरंय मावशी, आवाज आहेच. या, तुम्हीच वाटून बघा." मी भांडं भरून दिलं, मावशीनं बटण फिरवलं, आणि झाकण उडालं. कोथिंबिरीची सगळी चटणी माझ्या शर्टावर. काय हसल्या बायका! सोऱ्यावाला एकटा पडला. "बघा," तू म्हणालीस, "झाकण दाबून धरलं नाही तर नवरदेव असा हिरवा होतो. आता धरून दाखवते." मावशी मिक्सर घेऊनच गेली.

घरी शर्ट भिजत घालताना मात्र मला बोलणी बसली. "अरे, खोक्यावर छापलंय ते काय वाचून दाखवतोस? बायकांना वाचता येतं. आपल्या ओट्यावर ते काय दिवे लावणार, ते त्यांना बघायचं असतं. जी नावं ठेवते ना, तिला आधी पुढे बोलवावं."

म्हणून गेल्या रविवारी तुझ्या सुनेलाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. म्हटलं, ठेव नावं. भांडं धुताना बोट कापतं, वायर पुरत नाही, "आणि हे गृहस्थ मघापासून तोंड चालवतायत, खोबऱ्याचा एक तुकडा वाटला नाही!" मी गपगुमान वाटायला घेतलं. वणीच्या ताईनं तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि फोनवर हसतच सुटली. दुकानदार पुढचा मिक्सर पाठवतोय. कल्पना कुणाची, असं त्यानं विचारलं, तर मी म्हणालो, माझीच. मग लाज वाटली आणि लिहायला बसलो.

तू गेलीस तिथला पत्ता नसतो, हे पत्र टाकता येणार नाही, ते एका अर्थी बरंच आहे. त्या दिवशी शर्ट चोळता चोळता तू विचारलं होतंस, "झाकण कोणी लावलं होतं रे?" मी म्हणालो, "मावशीनं." तू नुसती माझ्याकडे बघून पुन्हा चोळायला लागलीस. आई, मीच लावलं होतं. तिची फजिती व्हावी म्हणून, मुद्दाम सैल.