जाईचे एक अक्षर

सोमवार, ४ नोव्हेंबर. हिंगोली.
नव्या घरात आजपासून आम्ही तिघे. कारखान्यातील भांडारपालाची नोकरी मुदतीआधी सोडून गेल्या महिन्यात मी पत्नीला, जाईला, घेऊन वसमतहून येथे आलो. रुग्णालय जवळ हवे होते. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू आणि वाचा गेली, त्याला आठ महिने झाले. डॉक्टरांनी सुचवले की घरात एखादे जनावर असू द्यावे. माणसांशी न बोलणारे रुग्ण कधी कधी त्याच्याशी बोलतात. त्यानुसार, जखमी कुत्री सांभाळणाऱ्या आरोहीताईंकडून हा कुत्रा आणला. साखरा गावाच्या रस्त्यावर त्यांना तो बरगडी मोडून पडलेला सापडला होता. रंगावरून नाव ठेवले भुऱ्या. अत्यंत शिस्तीचा, ताटलीबाहेर कण सांडत नाही. जाईच्या खाटेजवळची जागा त्याने स्वतःच निवडली. तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि ती हसली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.
सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी जाई बोलली. मी चहा घेऊन आलो, तेव्हा डावा हात माझ्याकडे करून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, छू. दिवसभरात तेच अक्षर सहा वेळा आले. पाण्यासाठी तेच, खिडकीसाठी तेच, आणि माझ्यासाठीही तेच. शेजारी पेढे वाटले. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, आठ महिन्यांचं साचलेलं हाय भाऊ, आता सोसा. मी आनंदाने सोसेन.

शनिवार, २३ नोव्हेंबर.
दुपारी सव्वाबाराला भुऱ्याने माझे मनगट दातांत धरले. कारण काहीच नव्हते. मी जाईसाठी ताट घेऊन येत होतो. इंजेक्शन घेतले.
आनंदाची गोष्ट म्हणजे जाईचा आवाज आता स्वयंपाकघरापर्यंत येतो.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.
तीन दिवसांत चार हल्ले. हातातली काठी, चपला, केरसुणी, ताटाचा आवाज अशी एकेक शक्यता तपासून वगळली. हल्ला केवळ माझ्यावर होतो, तोही जाईच्या खोलीतच. क्षणभराने तोच कुत्रा माझा हात चाटतो. साखळी लावली, तर जाईने जेवण सोडले. साखळी काढावी लागली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर.
आरोहीताईंनी शोधून काढलेला मूळ मालक, साखऱ्याचा जळबा, आज घरी आला. भुऱ्याची ओळख पटली. पिकात शिरणाऱ्या रोह्यांवर, म्हणजे नीलगायींवर, सोडायला त्याने हा तयार केला होता. रोह्याने लाथ घातली, मेला समजून जळबा त्याला टाकून गेला.
इतक्यात आतून जाईने मला हाक मारली. मी तिच्या खोलीत गेलो, जळबा मागोमाग; तिने माझ्याकडे हात करून पुन्हा हाक मारली. भुऱ्या माझ्या मांडीवर झेपावला. जळबाने त्याला मानेला धरून ओढले आणि हसत विचारले, "साहेब, बाई तुमच्यावर छू करून राहिल्या, काहून? तुमी रोही हाव का?"

कुत्रा अंगावर सोडताना छू म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तिच्या तोंडून आलेले ते अक्षर मी कधी तसे ऐकलेच नव्हते. ती माझ्याकडे हात करते, हाक मारते, आणि तो हुकूम पाळतो.
जळबा चार दिवसांनी भुऱ्याला न्यायला जीप घेऊन येईल.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर.
जाईला सगळे समजावून सांगितले. तिला सर्व कळते. मी म्हणालो, "सोमवारपर्यंत बोलू नकोस."
आठ महिने ज्याची वाट पाहिली, ते मी स्वतः बंद केले. तिने मान हलवली.

रविवार, १ डिसेंबर.
संध्याकाळी जाई न्हाणीत पडलेली सापडली. चाळीस मिनिटे ती तशीच पडून होती. मी बाहेरच्या खोलीत होतो, आठ पावलांवर. तिने हाक मारली नाही. ओठ दातांखाली धरला होता – रक्त आले होते.
भुऱ्या तिच्या पायाशी बसून होता.

सोमवार, २ डिसेंबर.
१०.४० – साखऱ्याहून जळबाची जीप निघाली आहे. पट्टा बदलताना भुऱ्या निसटला, जाईच्या खोलीत गेला.

१०.४६ – जाईचे तोंड वाकडे झाले आहे. श्वास घरघरतो. १०८ ला फोन केला. कशाला किती वाजता सुरुवात झाली ते लिहून ठेवा म्हणाले. लिहितो आहे.

१०.४९ – ती हाक मारते आहे. आत जाऊ लागलो – दंड फाटला. भुऱ्या उंबऱ्यावर. गोजरबाईंच्या दाराला कुलूप.

१०.५१ – पुन्हा गेलो. पुन्हा –
ती मला पाहते आहे. ओठ दाबून धरला. माझ्यासाठी.
मी ओरडलो, "जाई, ओठ सोड. तू आहेस हे मला कळू दे. मार हाक."

१०.५२ – छू.

१०.५३ – छू. बारीक. त्याचे कान उभे.

१०.५४ – हाक नाही.

भुऱ्या खाली बसला. शेपूट हलवतो आहे. वाट मोकळी आहे –
आत जातो. जाई, एकदा मार. मी आलोच, तू फक्त एकदा –