तीन वाकडे दिवे

६ फेब्रुवारी, मंगळवार

खोटं बोललो. तेही बाबांच्या नावावर!

दातांच्या दवाखान्यात फॉल्स सीलिंगमध्ये गोल दिवे बसवतोय आम्ही दोघं. आतल्या खोलीत बाबा शिडीवर, डोकं सीलिंगच्या वर — एकेक दिवा तारेने स्लॅबला बांधत होते. त्याशिवाय ते बटणाला हात लावू देत नाहीत. "टाइलवर भार नको. पाहुण्याने घरधन्याच्या खांद्यावर बसू नये!"

बाहेरच्या खोलीत मी. टाइलला भोकं पाडायची होती. एकेक टाइल घ्यायची, मध्य काढायचा, मग ड्रिल — हे काय मला नव्याने सांगायला हवं? पण भूक लागली होती. तीन टाइल एकावर एक ठेवल्या आणि एकदम आरपार! ड्रिल तिरकं गेलं. वरची टाइल बरी, मधली सरकलेली, खालची तर चांगली दोन बोटं. तशाच बसवून टाकल्या. मान वर करून कोण बघतंय!

डॉक्टरबाईंनी बघितलं. दिवे लागल्याबरोबर. "ही ओळ अशी झिंगल्यासारखी का हो?"

आणि तोंडातून निघून गेलं — "बाबांनी पाडली ती भोकं. वय झालं त्यांचं. लक्ष राहत नाही आता."

बाई हळहळल्या. मग म्हणाल्या, "वरच्या मजल्याचं काम तुम्ही एकटेच करा, बरं का. त्यांना नका आणू."

मी मान हलवली. हलवली!

७ फेब्रुवारी, बुधवार

बाबा गप्प. काल गाडीवर मागे बसले ते घरापर्यंत एक शब्द नाही. आज जेवताना आमटी खारट झाली होती, तरी आईला एक टोमणा नाही. पण त्यांना कळणार कसं? ते आत होते, मधलं दार बंद होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

८ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बाबा म्हणाले, "तू जा. मी नाही येत."

म्हणून दवाखान्यातल्या आतल्या खोलीत, उरलेल्या दिव्यांसाठी, त्यांच्या शिडीवर मी चढलो. टाइल सरकवून डोकं वर घातलं, आणि बाहेरच्या खोलीत फोन घेणाऱ्या बाईंचा आवाज थेट कानात! "उद्या साडेदहाला या, काही खाऊन या" — शब्द न् शब्द. मधली भिंत सीलिंगपाशीच संपते. वर सगळं मोकळं. इतकी वर्षं याच धंद्यात आहे, मला माहीत नव्हतं? भिंतीला कान असतात म्हणे. इथे तर भिंतच नव्हती.

म्हणजे सगळं ऐकलं त्यांनी. तारेला पीळ देता देता ऐकलं. आणि खाली उतरून मला म्हणाले होते, "चल, जेवून घेऊ."

शिडीच्या पायरीवरच बसून राहिलो.

१० फेब्रुवारी, शनिवार

नव्या टाइल आणल्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा धरून मध्य काढला, एकेक भोक वेगळं पाडलं. ओळ सरळ झाली. डॉक्टरबाई खूश — "बघा! तुमच्या हाताला सफाई आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच सांगायला हवं होतं. "हो" म्हणालो आणि झाडू शोधायला लागलो.

११ फेब्रुवारी, रविवार

आई विचारते, "काय झालंय रे तुमच्यात? हे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. विचारलं की 'काही नाही'."

मी म्हणालो, "रुसले असतील कशावर तरी." पुन्हा त्यांच्याच माथी!

दुपारी बाबांनी त्यांची पक्कड आणि तारेचं भेंडोळं आणून माझ्या पिशवीत ठेवलं. "तुला लागेल," एवढंच. चिडून नाही — अगदी हळू, जपून. त्यापेक्षा चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं. मला स्वतःचीच शिसारी आलीय. उद्या सांगणार. पाय धरणार.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी बाबाच माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. मी उठून उभा राहिलो — आता हिशेब होणार!

"आईला बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "मला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन चल. त्या दिवशी तू बाईंना सांगत होतास, ते ऐकलं मी. तेव्हापासून आठवून आठवून थकलो रे. ती भोकं पाडल्याचं मला काही केल्या आठवत नाहीये. आणि तू कशाला खोटं सांगशील?"