दहाव्या थेंबानंतर

मी, ताइमी राउतिआइनेन, वय ७९, निवृत्त रसायनशिक्षिका, राहणार तळ्याकाठचे घर, कोपर रॉक, उत्तर ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत.

१. राहते घर, सौनाची वाफेची न्हाणी, होडी आणि बँकेत उरेल ते माझी नात सारा हिला. तिच्या एकटीच्या नावे. तिचा नवरा डेल याचा त्यात कवडीचा हक्क नाही.

२. माझी मुलगी इर्या हिचा नवरा क्रेग याला काही नाही. फुटका ड्रॉपरसुद्धा नाही. वकीलबाई म्हणाल्या, "कारण लिहायची गरज नसते." मला आहे.

३. माझे ब्युरेट आणि दोन मोठे बीकर शाळेच्या प्रयोगशाळेला, एका अटीवर.

एकतीस वर्षं मी टेबलावर दोन बीकर मांडले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात आम्ल पचवणारं बफर द्रावण, दोन्हींत हिरवा दर्शक. आम्लाचा एक थेंब पडला की पाणी पिवळं. बफर मात्र दहा थेंब गिळून हिरवंच्या हिरवं. पोरं टाळ्या पिटायची आणि मी तिथेच थांबायचे. आणखी थोडे थेंब पडले की तेही पिवळं पडतं, हे मला ठाऊक होतं. पण टाळ्यांनंतर रंगाचा बेरंग कोण करणार!

इर्या माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी काळंनिळं मनगट घेऊन आली. "आई, मला नाही गं जमत आता."

मी म्हणाले, "जमेल. दुसऱ्या बीकरसारखी राहा."

राहिली बिचारी, नऊ वर्षं. कधीही विचारा, "मी ठीक आहे, आई." मग एका एप्रिलमध्ये ती तळ्याच्या बर्फावर चालत गेली. इथलं शेंबडं पोरसुद्धा एप्रिलच्या वितळत्या बर्फावर पाय ठेवत नाही. पोलिसांनी अपघात लिहिला. मी लिहीत नाही. मी तिला मारलं, क्रेगच्या बरोबरीने.

तर अट अशी: शिकवणाऱ्याने घंटा झाली तरी बफर पिवळं पडेपर्यंत थेंब टाकायचे. दहावर थांबेल त्याच्याकडून सामान काढून घ्यावे.

४. इर्यामागे तिच्या लेकीला, साराला, मीच वाढवलं; मला ती मुम्मो, म्हणजे आजी, म्हणते. या नाताळात तिची हनुवटी फुटलेली होती. "कपाटाचं दार लागलं, मुम्मो. मी ठीक आहे." आवाजसुद्धा आईचाच. घराची किल्ली मी माझ्या मरणाची वाट न पाहता त्याच आठवड्यात तिला पाठवली.

५. किल्ली आज सकाळी टपालाने परत आली. सोबत चिठ्ठी: "मी ठीक आहे." शेजारीण लेम्पी ओरडते आहे, "अगं बाई, हे मृत्युपत्रात लिहितात होय?" ओरडू दे. दुपारची बस दोन दहाला सुटते. सही झाली की मी निघाले. साराला घेतल्याशिवाय डेलच्या दारातून हलणार नाही. तिथे माझं काही बरंवाईट झालं, तर पोलिसांनी अपघात लिहू नये.

सही: ताइमी राउतिआइनेन

साक्षीदार: लेम्पी हाकाला, शेजारीण
ऑरेल पिलोन, पोस्टमन (किल्ली यानेच आणून दिली)

कोपर रॉक, १४ जानेवारी २००८, दुपारी एक चाळीस