सौनातलं बोलणं

प्रिय बाबांना स्वीडनहून एस्कोचा नमस्कार.

मी मजेत आहे. आईने पाठवलेला काळा पाव चार दिवसांत फस्त केला. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी? तोवर माझी पत्रं आईच तुम्हाला वाचून दाखवणार.

मला उरलेल्या मोसमासाठी आइस हॉकीच्या संघाबाहेर बसवलंय. पाय ठणठणीत आहेत, काळजी नको.

नाताळात आपल्या सौनात वाफ घेताना मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, की डोक्याला मार बसल्यापासून मला बर्फावर खेळताना एकाच्या दोन चकत्या दिसतात. तेच प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकलं आणि मी माझ्या खोलीत राहणाऱ्या, संघातल्याच युहोवर उखडलो. "चहाडखोरा, माझी जागा हवी होती ना तुला?"

"अरे बाबा, दोन चकत्यांचं मला आत्ता तुझ्याकडूनच कळतंय!" तो म्हणाला.

मग प्रशिक्षकांनीच सांगितलं, "तुझ्या वडिलांचा फोन होता. रडत होते."

बाबा, सौनातलं बोलणं दाराबाहेर न्यायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. बारा वर्षं खेळून मिळवलेली जागा तुमच्या एका फोनने गेली. इतर कुणी केलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

त्याच वाफेत तुम्ही मला तुमच्या छातीतल्या कळांबद्दल सांगितलंत. मी आजवर ब्र काढला नाही.

आई, वाचता वाचता थांबू नकोस. त्यांना उद्याच डॉक्टरकडे ने.

अगदी तुमच्यावरच गेलेला,
एस्को