थोडं म्हणजे किती

तीर्थस्वरूप ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ असतीस तरी अर्धाच वाकलो असतो; शिलाई मशीनवर बसून बसून कंबर आता माझं ऐकत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजी अजून वर्तमानपत्र सगळ्या आळीला ऐकू जाईल असं वाचतात का? इकडे सगळं ठीक. मी जरा वाळलोय आणि सूनबाई जरा भरलीय, त्याचीच ही हकिगत.

सूनबाई फ्रेंच बोलणाऱ्या घरातली, हे तुला ठाऊक आहेच. चिरंजीव तिला आमच्याकडे ठेवून कामानिमित्त परगावी गेलेत. ते परतल्यावर इथे वरच्या खोलीत राहायचं की वेगळं बिऱ्हाड करायचं, हे ती ठरवणार. आम्हा दोघांचा जीव टांगणीला. म्हणून मी या वयात दुकान लवकर बंद करून फ्रेंचच्या शिकवणीला जायला लागलो. ही म्हणाली, "तुम्हाला बायकोशी धड बोलता येत नाही, सुनेशी काय बोलणार?" (यात तथ्य आहे, पण तिला कळवू नकोस.)

शिकवणीत सध्या 'किती'चा धडा चाललाय. 'बोकू' म्हणजे पुष्कळ, 'अँ प्यू' म्हणजे थोडं, 'आसे' म्हणजे पुरे. शिवाय 'आँ' नावाचं एक बारकं सर्वनाम आहे, ते फार छळतं. मुलं किती असं कुणी विचारलं तर आपण "एक" म्हणून मोकळे होतो. त्यांच्यात नुसता आकडा फेकणं चालत नाही, "मला त्यांतलं एक आहे" असं म्हणावं लागतं. म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांना वाईट वाटायला नको. बाई दर तासाला सगळ्यांना विचारतात, नातवंडं किती? माझ्या शेजारी बसणारे घड्याळवाले "मला त्यांतली चार आहेत" म्हणून छाती फुगवतात. मी म्हणतो, "मला त्यांतलं एकही नाही." उच्चार स्वच्छ आहे म्हणून शाबासकी मिळते.

त्याच आठवड्यात सूनबाईने भाज्यांचं सूप केलं आणि डाव हातात घेऊन तिच्या भाषेत विचारलं, किती वाढू? मी ऐटीत म्हणालो, "अँ प्यू." आता आपल्या घरात थोडं म्हणजे किती, हे तुला सांगायला नको. आईने आपल्याला शिकवलं, आपण थोडंच म्हणायचं, किती वाढायचं ते वाढणाऱ्याने ओळखायचं. दुकानात मी अर्ध्या इंचासाठी गिऱ्हाइकाशी भांडतो, पण जेवायला बसलो की माप सांगायची लाज वाटते. सूनबाईने थोडं म्हणजे थोडंच वाढलं. तळ जेमतेम ओला झाला. मी आग्रहाची वाट बघत बसलो आणि तिने पातेल्यावर झाकण ठेवलं!

उलट, ही वाढायला उभी राहिली की सूनबाई "आसे, आसे" म्हणते आणि हिला वाटतं, पोर लाजतेय. की आणखी एक डाव. ताटात टाकायला नको म्हणून बिचारी डोळे मिटून संपवते. असं रोज चाललं. मी दुकानात कापडांच्या मागे लपून बिस्किटं खायचो आणि सूनबाई कठडा धरधरून जिना चढायची.

मग चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, ती रडतेय. म्हणते, बाबांना माझ्या हातचं आवडत नाही, लगेच उठतात. आणि आईंना मी कितीही खाल्लं तरी पुरत नाही. वेगळं राहिलेलं बरं." ताई, मला फार वाईट वाटलं. (भूकही लागली होती.)

त्या दिवशी मी ताट पुढे केलं आणि सरळ म्हणालो, "बोकू!"

"अहो, हावरटासारखं काय मागताय!" ही ओरडली. सूनबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि काठोकाठ वाढलं. पुढे तिने "आसे" म्हणताच मी हिचा हात वरच्या वर धरला. हिने डाव खाली ठेवला, पण चेहरा असा की कुणी दागिना काढून घेतला. "उपाशी राहील हो पोर," एवढंच पुटपुटली.

सूनबाईने ते शब्द ओळखले नसतील, पण चेहरा ओळखला. आपली वाटी हिच्यापुढे सरकवून चक्क मराठीत म्हणाली, "थोडं." हिने वाटी भरून सांडेपर्यंत वाढलं. सूनबाईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि सगळं संपवलं. वरच्या खोलीचे पडदे आता मी शिवायला घेतलेत. रंग तिनेच निवडला.

तुझा धाकटा, आता पोटभर जेवणारा भाऊ

ता. क. : मागच्या पत्रात तू 'थोडे दिवस येऊन जाईन' असं लिहिलंस. या घरात आता असलं बोलणं चालत नाही. आणि आल्यावर पानावर 'नको, नको' करशील तर खरोखर उपाशी राहशील.

आणखी एक ता. क. : खरं तर यासाठीच लिहायला बसलो होतो. सूनबाई हिच्या वाढण्यामुळे भरलीय असं वर म्हटलंय. डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं आहे. ही आनंदाने आणि भीतीने सारखी रडतेय, तिला काही सुचत नाही. तू ये. पुष्कळ दिवस ये. शिकवणीतलं माझं जुनं उत्तर मी विसरायला घेतलंय, आणि "मला त्यांतलं एक आहे" हे दुकानात हळूच म्हणून बघतो. उच्चार अजून जमत नाही.